नोकरी सोडू नकोस, वही मात्र आजच घाल

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून एक पत्र आलंय, मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. लिहिणारी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका, वय ३३, डी.एड.वर नोकरी लागली, मग नोकरी सांभाळून एम.ए. मराठी आणि इग्नूचं बी.एड. केलं. शाळेचा पट ११. तिने वर्गात पर्यटनाचं एक रंगीत पोस्टर वाचायला लावलं, वर मोठ्या अक्षरात गोवा, खाली समुद्र, छत्र्या, बोटी, आणि तिसरीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, हातूंत आमचो गांव खंय आसा?" म्हणजे ह्यात आमचा गाव कुठे आहे. नंतर एका ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये तिने क्रिटिकल लिटरसीबद्दल, म्हणजे मजकूर कोणी आणि कोणासाठी लिहिला, त्यात काय गाळलं हे तपासत वाचण्याबद्दल ऐकलं आणि तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही म्हणते. "ताई, मला एज्युकेशनची प्रोफेसर व्हायचंय आणि ह्याच विषयात काम करायचंय, असं करिअर खरंच असतं का? माझं इंग्रजी यथातथाच. मिस्टर म्हणतात सरकारी नोकरी सोडून शिकायला निघालेली तू एकटीच. आणि आमच्या हेडबाई म्हणतात वर्गात राजकारण आणू नको. मी काय करू?"

अगं, तुला तूगं करते, वयाने मोठी आहे आणि सगळं आयुष्य बी.एड. कॉलेजात गेलंय त्यामुळे चालवून घे. आधी सरळ उत्तर देते. करिअर आहे. पण क्रिटिकल लिटरसीचे प्राध्यापक पाहिजेत अशी जाहिरात गोव्यात तुला दिसायची नाही आणि बाकी भारतात पण जवळजवळ नाहीच. जागा निघते ती असिस्टंट प्रोफेसर इन एज्युकेशन अशी, नाहीतर बी.एड. कॉलेजात भाषेची मेथड, म्हणजे भाषा कशी शिकवायची ते शिकवायला, मराठी मेथड, कोंकणी मेथड. त्या जागेवर बसल्यावर हा विषय तुझा तू आणायचा, लेक्चरमधून, सराव पाठातून, पीएच.डी.तून, पेपरातून, आणि दहा-बारा वर्षांनी लोक म्हणायला लागतात की ह्या विषयाचं काही असलं तर त्या बाईंना विचारा. स्पेशलायझेशन म्हणतात ते इथे असं होतं, ऑर्डरीवर लिहून येत नाही.

आता तुझ्या त्या मुलाने काय केलं ते बघू कारण सगळं तिथेच आहे. त्याला अक्षरं लागली, गोवा हा शब्द वाचता आला, चित्राचा अर्थ पण लागला, आणि तरी तो तिथे थांबला नाही, त्याने विचारलं की ह्यात मी कुठे आहे. म्हणजे हे पोस्टर कोणीतरी केलंय, कोणासाठी तरी केलंय, त्यात काय घ्यायचं काय गाळायचं हे कोणीतरी ठरवलंय, हे त्याला त्याच्या परीने कळलं. पीटर फ्रीबॉडी आणि अॅलन ल्यूक ह्या दोघांनी १९९० साली वाचणाऱ्याच्या चार भूमिका मांडल्या, अक्षरं उलगडणारा, अर्थ लावणारा, मजकूर वापरणारा आणि मजकूर तपासणारा. चारही एकाच वेळी लागतात. हे तुला मुद्दाम सांगते कारण ह्या विषयाच्या प्रेमात पडलेली तरुण मंडळी पहिली भूमिका विसरतात, पोराला जोडाक्षर येत नाही आणि बाई सत्ता कोणाची ह्यावर चर्चा घेतायत, हे मुलावर अन्याय करणारं आहे आणि तू ते कधी करू नकोस. तपासायला आधी वाचता आलं पाहिजे. पण वाचता येईपर्यंत प्रश्न विचारायचेच नाहीत असंही नाही, दोन्ही बरोबर चालतं, तुझ्या तिसरीतल्या मुलाने दाखवलंच की.

आणि हे काही परदेशातून आलेलं फॅड आहे असं कोणी म्हणालं तर त्यांना मुक्ता साळवेची आठवण करून दे. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी, १८५५ साली तिचा निबंध ज्ञानोदय नियतकालिकात छापून आला, आणि त्यात ती विचारते की वेद जर ब्राह्मणांचेच आणि आम्हाला ते बघायचा पण अधिकार नाही तर मग आमचं धर्माचं पुस्तक कुठलं. शिकायला मिळाल्या मिळाल्या ह्या मुलीने पहिला प्रश्न विचारला तो पुस्तक कोणाचं हा. पुढे १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी पुराणातल्या गोष्टी हातात घेतल्या आणि ह्यात दोष नेहमी बाईचाच कसा हे एकेक करून विचारलं. मराठीत ही परंपरा आहे, तिला कोणी विद्यापीठात टेबल-खुर्ची दिली नाही एवढंच.

आता करिअर म्हणून. ह्या विषयातली मोठी नावं घे आणि त्यांची सुरुवात बघ. पावलो फ्रेरी, ब्राझीलच्या रेसिफी शहरात १९२१ चा जन्म, शिकला वकिली पण वकिली काही केली नाही, शाळेत पोर्तुगीज शिकवायला लागला. १९६३ साली आंजिकोस नावाच्या गावात त्याच्या पद्धतीने सुमारे ३०० कष्टकऱ्यांना साधारण ४० तासांत लिहायला वाचायला शिकवलं, आणि हे कशाला मोठं, तर तेव्हा तिथे निरक्षर माणसाला मतच देता येत नव्हतं. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली, ह्याला तुरुंगात टाकलं आणि मग कितीतरी वर्षं परदेशात काढावी लागली. परत आल्यावर १९८९ साली तोच माणूस साओ पाउलो शहराचा शिक्षण खात्याचा प्रमुख झाला. दक्षिण आफ्रिकेच्या हिलरी जँक्स, ह्या पण आधी इंग्रजीच्या शिक्षिका, वर्णभेदाच्या काळात भाषा कशी माणसाला खाली ठेवते ते बघितलं आणि १९९३ साली शाळेतल्या मुलांसाठी त्यावर वर्कबुकं आणली, नंतर जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठात प्रोफेसर.

पण तुझ्यासाठी मला सगळ्यात जवळची वाटते ती व्हिवियन वास्केझ. कॅनडात टोरांटोच्या बाजूला बालवाडीची शिक्षिका, वर्गात तीन ते पाच वर्षांची मुलं. शाळेचं बार्बेक्यू होतं आणि मुलांच्या लक्षात आलं की आपल्यातला एक मुलगा शाकाहारी आहे आणि तिथे त्याला खायला काहीच नव्हतं. मग बाईंनी मुलांना समजूत घालून गप्प केलं नाही, त्यांनी मिळून कमिटीला पत्र लिहिलं, पत्रात कुठले शब्द घालायचे ह्यावर वर्गात चर्चा, मग लायब्ररीत शाकाहारी लोकांची पुस्तकं आहेत का ते शोधलं, नाहीत म्हटल्यावर लायब्ररीला पण पत्र. आणि बाईंनी काय केलं तर हे सगळं वर्गाच्या भिंतीवर क्रमाने लावत गेल्या, फोटो, मुलांची चित्रं, पत्राची प्रत, मुलांनी बोललेली वाक्यं, वर्षभर. त्या भिंतीवरून त्यांचं संशोधन उभं राहिलं आणि त्या पुढे वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत प्रोफेसर झाल्या. वर्ग सोडून आधी कुठे विद्वान व्हायला गेल्या नाहीत गं, वर्गाचीच नोंद ठेवली.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर फलटणच्या मॅक्सीन बर्नसन. अमेरिकेतून आल्या, फलटणच्या बोलण्यातल्या मराठीवर पीएच.डी. केली, आणि तिथेच राहून ज्या मुलांना शाळेत जाऊनही वाचता येत नव्हतं त्यांना वाचायला शिकवायला बसल्या, त्यातून पुढे शाळा आणि संस्था उभी राहिली. पालघर जिल्ह्यात क्वेस्ट ही संस्था वाचन-लेखनावर मराठीत इतकं बारीक काम करते की सुट्टीत एकदा जाऊन बघून येच.

म्हणून माझं म्हणणं एकच, नोकरी सोडू नकोस, तुझा पट ११ चा वर्ग हाच तुझा विषय आहे. त्यासाठी आजच एक वही घाल. रोज नाही जमलं तरी आठवड्यातून दोनदा लिही. काय लिहायचं तर तारीख, कुठला मजकूर वाचला, तू काय विचारलंस, आणि मूल काय बोललं ते त्याच्याच तोंडच्या भाषेत, कोंकणीत बोललं तर कोंकणीत, अर्धं मराठी अर्धं हिंदी तर तसंच. 'मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' हे वाक्य अहवालात चालतं, वहीत नको, त्यातून पाच वर्षांनी तुला काहीही कळणार नाही. तू पत्रात मुलाचं वाक्य जसंच्या तसं लिहिलंस ना, मला तिथेच वाटलं की ह्या मुलीला नजर आहे. जो मुलगा काहीच बोलला नाही त्याचीही नोंद ठेव, कोणाकडे बघत होता, नंतर मैदानात काय म्हणाला. आणि पुढे ह्याचं संशोधन करशील तेव्हा पालकांची लेखी परवानगी घ्यायची, खात्याची घ्यायची, मुलांची खरी नावं घालायची नाहीत, फोटो तर अजिबात नाही, एवढ्याशा गावात कोणाचं पोर ते लगेच कळतं.

आता पोटापाण्याचं, कागदपत्रांचं. भाषेच्या मेथडच्या जागेसाठी एनसीटीई ह्या शिक्षक-शिक्षणाच्या परिषदेच्या नियमांत त्या भाषेतली एम.ए. आणि एम.एड. अशा दोन्हीत ५५ टक्के लागतात. एम.एड. रेग्युलर करायचं, म्हणजे रजा काढावी लागेल. दुसरा रस्ता इग्नूचं एम.ए. एज्युकेशन, ते नोकरी करता करता होतं, बी.एड.बरोबर ते धरून शिक्षणशास्त्राचे पेपर शिकवायची पात्रता होते आणि एज्युकेशनची नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पण देता येते. मी तुझ्या जागी असते तर आधी एम.ए. एज्युकेशन आणि त्याच्या शेवटच्या वर्षाला नेट, आणि एम.एड. पुढे स्टडी लीव्ह मिळाली की. नेटमध्ये पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १००, सगळे मिळून ३०० मार्क, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि एज्युकेशनचा पेपर इंग्रजी-हिंदी दोन्हीत असतो त्यामुळे इंग्रजीची जी भीती घेऊन बसलीयस ती निदान इथे तरी सोडून दे. जेआरएफच्या, म्हणजे नेटमधूनच मिळणाऱ्या संशोधनाच्या शिष्यवृत्तीच्या मागे फार लागू नकोस, त्याला वयाची अट ३०, बायकांना पाच वर्षं सवलत म्हणजे ३५, तुझं एम.ए. होईपर्यंत ते काठावर येतं, आणि तुला नोकरी ठेवायचीच आहे. प्राध्यापकीच्या नेटला वयाची अट नाही.

पीएच.डी. पार्टटाइम करता येते, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांत तशी सोय आहे, खात्याचं ना-हरकत पत्र लागतं. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, बायकांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत. सरकारी नोकरीत पाच वर्षं झाली की स्टडी लीव्ह मागता येते, सगळ्या नोकरीत मिळून साधारण २४ महिने, बाँड लिहून द्यावा लागतो, मंजूर होईलच असं नाही पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. सगळं धरून बघ, आठ-नऊ वर्षांचं काम आहे. तू बेचाळिशीला पोचशील. तोपर्यंत बेचाळीस तर होणारच आहेस गं, पीएच.डी. केलीस तरी नाही केलीस तरी.

गोव्यात सरकारी जागेसाठी पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोंकणी येणं आवश्यक असतं, मराठी येत असेल तर बरं असं धरतात, तुला दोन्ही येतात. पगार म्हणशील तर सातव्या वेतन आयोगात असिस्टंट प्रोफेसरचं सुरुवातीचं बेसिक ५७,७००. हे वाचून मिस्टर थोडे गप्प होतील, पण लगेच दुसरी बाजू पण ऐक. अशा कायम जागा फार थोड्या निघतात, आणि मधल्या काळात तुला कोणीतरी लेक्चर बेसिसवर बोलावेल. कॉलेज म्हटल्यावर मन जातं. कायम नोकरी सोडून लेक्चर बेसिसवर अजिबात जायचं नाही, तासावर पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही माहीत नाही, ह्यात चांगल्या चांगल्या मुलींची उमेदीची वर्षं गेलेली मी जवळून पाहिलीयत आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. आणखी एक, नवीन शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांचं इंटिग्रेटेड बी.एड. हीच शिक्षकाची किमान पात्रता करायचं ठरवलंय, त्यामुळे आजची बी.एड. कॉलेजं आहेत तशी राहणार नाहीत, जागा हळूहळू मोठ्या कॉलेजांत आणि विद्यापीठांत सरकतील. पणजीचं निर्मला, फोंड्याचं दादा वैद्य, दोन्ही बी.एड. कॉलेजांत जाऊन बस, तिथल्या प्राध्यापकांना विचार की तुमच्याकडे पुढे काय होणार. पर्वरीला एससीईआरटी आणि डाएट ह्या शिक्षक प्रशिक्षणाच्या सरकारी संस्था आहेत, तिथे रिसोर्स पर्सन म्हणून जायची संधी मिळाली तर सोडू नकोस, मोठ्यांना शिकवायची सवय तिथे होते.

आणि प्रोफेसरचं काम म्हणजे नेमकं काय ते पण ऐकून ठेव. सकाळी दोन लेक्चरं, मग पाठ टाचणांचा ढीग तपासायचा, मग कुठल्यातरी शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसून मुलींचे पाठ बघायचे, कॉलेजचा दर्जा तपासणारी नॅकची समिती येणार असली की महिनोन्‌महिने फायली. फायलींबद्दल काही चांगलं सांगण्यासारखं नाही. पण मागचा बाक, तिथे सगळं आहे. एक बी.एड.ची मुलगी पाचवीला एका घरची गोष्ट शिकवत होती, आवाज चांगला, फलक सुंदर, शेवटी प्रश्न, "ह्यातून आपल्याला काय बोध मिळतो?" आणि सगळा वर्ग एका सुरात, "नेहमी खरे बोलावे." पाठ संपला, आम्ही बाहेर व्हरांड्यात बसलो, मी तिला म्हटलं की उद्या ह्याच मुलांना विचार, ह्या गोष्टीत आई किती वेळा बोलते. दुसऱ्या दिवशी मुलांनी बोट ठेवून मोजलं. एकदा. आणि ती बोलते काय तर जेवायला चला. एक मुलगी म्हणाली आमच्या घरात तर आईच सगळ्यात जास्त बोलते, मग वर्गात कोण कोणाच्या घरी किती बोलतं ह्यावर असा गलका झाला की बाजूच्या वर्गातल्या सरांना डोकवावं लागलं, आणि त्या बी.एड.च्या मुलीचा चेहरा मी अजून विसरलेली नाही, तिला पहिल्यांदा वाटलं असणार की आपण काहीतरी शिकवतोय. बी.एड.चं एक युनिट ५० जणांचं असतं. त्यातल्या दहा जणींनी जरी हा प्रश्न पुढे आपापल्या शाळेत नेला तर हिशोब कर किती मुलांपर्यंत पोचतं. मी तरी ह्याच कारणाने ह्या नोकरीत टिकले.

आता हेडबाईंचं. त्यांना विरोधक समजू नकोस, त्यांना भीती वाटते आणि त्या भीतीला कारण आहे. तुझी शाळा खाणपट्ट्याला लागून आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१८ साली सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या, तुझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी ट्रकचं कर्ज फेडता फेडता नाकी नऊ आलेत आणि त्याच्याच बाजूला बसणाऱ्या मुलीच्या आजोबांच्या शेतात खाणीचा गाळ येऊन बसलाय. तू उभी राहून खाण वाईट म्हणालीस तर एक पोर मान खाली घालेल, खाण चांगली म्हणालीस तर दुसरं. उत्तर तू द्यायचंच नाही. चौथीच्या मुलांना दोन छोटे मजकूर दे, खाण सुरू करा म्हणणारं एक निवेदन, शेतं वाचवा म्हणणारं एक, पेपरात दोन्ही छापून येतात, आणि विचार हे कोणी लिहिलंय, कोणाला लिहिलंय, ह्याने काय सांगितलं जे त्याने नाही सांगितलं, आणखी कोणाला विचारायला पाहिजे होतं. एवढंच. आणि स्वतःचं मत ज्या दिवशी फार जोरात ओठावर येईल त्या दिवशी तो तास पुढे ढकल.

पण सुरुवात खाणीपासून करूच नकोस, तो विषय वर्षाच्या शेवटी. आधी जत्रेतल्या नाटकाचं पोस्टर घे, आपल्याकडे प्रत्येक गावात मिळतं. कोणाचं नाव सगळ्यात मोठं, कोणाचं बारीक, बायकांची नावं किती, पडदे ओढणाऱ्याचं नाव आहे का, देणगीदाराचा फोटो कुठे. मुलांना त्यातली निम्मी माणसं ओळखीची असतात त्यामुळे ती न घाबरता बोलतात. मग बिस्किटाचा पुडा, मग पंचायतीची नोटीस. हेडबाईंना आधी सांग, शक्य असेल तर वर्गात बसव. एनसीएफ २००५ ह्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात क्रिटिकल पेडागॉजीवर, म्हणजे मुलांना प्रश्न विचारायला लावणाऱ्या शिकवण्यावर वेगळा भाग आहे, तो प्रिंट काढून टाचणाबरोबर लावून ठेव, भागशिक्षणाधिकारी आले आणि विचारलं तर दाखवायला होतं. सरकारी कागदात आहे म्हटल्यावर बरीच शांतता होते.

इंग्रजीचं मात्र गोड बोलून चालणार नाही. ह्या विषयातलं बहुतेक लिखाण इंग्रजीत आहे, प्रबंध पण बहुतेक ठिकाणी इंग्रजीत लिहावा लागतो. एक लेख घे, दिवसाला एक पान, मराठीत समासात सारांश लिही, वर्षात तुझी भीती जाईल, वाचायचं इंग्रजी आणि बोलायचं इंग्रजी वेगळं असतं. आणि तुझी ही अडचण म्हणजेच विषयाचा गाभा आहे हे लक्षात घे. जँक्स म्हणते की सत्तेची भाषा मुलांना शिकवली नाही तर मुलं बाहेर राहतात, आणि शिकवत राहिलो तर त्या भाषेचीच सत्ता आणखी वाढते, ह्या पेचातून सोपी सुटका नाही. आता गोव्याकडे बघ. १९६३ ला भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या, तुझ्या मुलांचे आजी-आजोबा त्या शाळांत शिकले. १९८७ ला कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा राहिली. २०११ ला इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं आणि सगळा गोवा रस्त्यावर आला, दोन्ही बाजूंनी. आणि आज तुझा पट ११. घरात कोंकणी, शाळेत मराठी, मोबाइलवर हिंदी आणि इंग्रजी, आणि आई-बापाला वाटतं पोराला इंग्रजी शाळेत टाकायला हवं होतं. त्या आई-बापाला कोणी मातृभाषाद्रोही म्हणू नये असं मला मनापासून वाटतं, ते सत्तेची भाषा कुठली ते बरोबर ओळखतात. माध्यमावर आपण इतकी वर्षं भांडलो, पण हे चार भाषांतलं पोर एक पान समोर आलं की त्याचं काय करतं, कुठल्या भाषेत प्रश्न विचारतं, कुठल्या भाषेत गप्प बसतं, हे वर्गात बसून बघणारी माणसं फार थोडी. तुझ्या पीएच.डी.चा विषय मला इथे दिसतो. मराठी शाळा वाचवा म्हणणाऱ्यांना हे आवडेलच असं नाही, इंग्रजीवाल्यांनाही नाही, तरी कर.

वाटेत लहान लहान लिहीत राहा. पालकनीतीसारख्या मासिकात शिक्षकांचे वर्गातले अनुभव येतात, तिथे दोन पानं पाठव. पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापून देणाऱ्या जर्नलवाल्यांचे मेल आले तर उघडू पण नकोस, एकदा तिथे नाव लागलं की मुलाखतीत मान खाली जाते.

मिस्टरांना सांग की नोकरी सुटणार नाही, आणि त्याबरोबर हेही सांग की संध्याकाळी एक तास माझा, तेव्हा चहा, पाहुणे, मुलांचा अभ्यास, काही नाही. नोकरीचं त्यांना पटेल, ह्या एका तासासाठी भांडावं लागेल. सासूबाई घरात असतील तर त्यांना आधी बाजूला घे, बांदोडकरांच्या शाळेत शिकलेल्या बऱ्याच बायकांना पुढे शिकायचं राहून गेल्याची खंत असते, कधी कधी तिथूनच आधार मिळतो.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, एम.ए.ला आणि बी.एड.ला टक्के किती. ५५ च्या खाली असतील तर रस्ता थोडा वेगळा काढावा लागेल, कुठल्या प्रवर्गात सवलत लागू होते ते बघावं लागेल, त्यामुळे दोन्ही मार्कशीट शोध, इग्नूच्या पुढच्या प्रवेशाची तारीख रीजनल सेंटरला फोन करून विचार, आणि मला परत लिही.